पाच खाचा

पुढील मजकुरातील जवळजवळ सर्व गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या आणि मोजलेल्या आहेत. एकच गोष्ट ऐकीव आहे. ती जिथे येईल तिथे मी तसे स्पष्ट सांगेन.

मी विम्याचा सर्वेअर होतो. बावीस वर्षे अपघातात सापडलेल्या गाड्या तपासल्या. फीत लावायची, अंतर मोजायचे, आकडा लिहायचा. जे मोजता येत नाही त्यावर मत द्यायचे नाही, हा माझा नियम होता. या नियमापायी मी कचेरीत, घरात आणि दुसऱ्यांच्या लग्नांतही भांडलेलो आहे.

भयकथा रात्री घडतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही दुपारी घडली.

मंगळवार होता. चार वाजून दहा मिनिटे. स्वच्छ ऊन. जागा म्हणजे शहराबाहेरचे दगडाच्या खाणीजवळचे वळण. रस्ता कोरडा होता. धुके नव्हते. दृष्टीला दोष देता येईल असे तिथे काहीच नव्हते.

शाळांतून आणि कारखान्यांतून मी त्या काळी एक व्याख्यान देत असे. विषय एकच... अपघात झाल्यावर काय करावे.

गाडी थांबवा. इंजिन बंद करा. दिवे लुकलुकते ठेवा. जो ओरडतो आहे त्याच्याआधी जो गप्प आहे त्याच्याकडे जा. फोन करा. आणि माणसाला वाचवण्यासाठी आवश्यक नसेल असे काहीही, काहीही हलवू नका.

शेवटच्या वाक्याला मी टेबलावर बोट आपटत असे.

"माणसं खोटं बोलतात, गाडी बोलत नाही," असे मी म्हणे. "चालकाची सीट किती पुढे आहे आणि आरसा कुणाच्या डोळ्यांना लावलेला आहे, एवढं पाहिलं तरी कोण चालवत होतं ते कळतं."

त्या मंगळवारी फोन आला तो माझ्या थोरल्या भावाचा.

"लवकर ये. खाणीच्या वळणावर. ही... ही बोलत नाहीये."

ही म्हणजे माझी वहिनी.

मी बारा मिनिटांत पोचलो. गाडी झाडाला लागून उभी होती. दर्शनी भाग दबलेला, आतला भाग जवळजवळ शाबूत. दादाने वहिनीला स्वतःच बाहेर ओढून काढले होते आणि रस्त्याच्या कडेला निजवले होते. तिच्या कपाळावर एवढीशी जखम होती. तिच्याकडे पाहून कुणालाही वाटले असते, उन्हाने घेरी आली असावी.

ती गेलेली होती.

खाली उतारावर एक सायकल पडली होती. जवळच्या कारखान्याचा म्हातारा पहारेकरी तिच्यावरून पाळीवर निघाला होता, गाडीने त्याला उडवले होते. खाणीतले मजूर त्याच्याभोवती जमले होते. तोही गेलेला होता.

वर रस्त्यावर आम्ही तिघेच होतो. दादा, मी आणि वहिनी.

"डोळा लागला रे," दादा म्हणाला. "क्षणभर. पहाटे चारपासून बसवर होतो..."

दादा शाळेची बस चालवतो. तेव्हा चालवत असे.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? आता काय करायचं? तू सांग. तुला सगळं कळतं."

हे वाक्य मला आयुष्यभर आवडत आले होते.

मी विचार केला. विचार करायला मला वेळ लागत नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. वहिनी गेली. पहारेकरी गेला. दोघांपैकी कुणीही परत येणार नाही. दादा तुरुंगात गेला, तर बारा वर्षांची पोर एकाच दिवशी आईला आणि बापाला मुकणार. मेलेल्याला शिक्षा होत नाही, जिवंताला होते. वहिनी गाडी शिकलेली होती. तिच्याकडे परवाना होता. या तर्कात कुठेही भेग नव्हती.

"गाडी वहिनी चालवत होती," मी म्हणालो.

दादाने मान वर केली. "काय?"

"ती चालवत होती. तू शेजारी बसला होतास. एवढंच लक्षात ठेव. आणि विचारल्याशिवाय तोंड उघडू नकोस."

तो रडायला लागला. त्याने नाही म्हटले नाही.

दादा ताडमाड माणूस. वहिनी त्याच्या खांद्याला जेमतेम लागे. "मला पेडल दिसतं, पण पेडलला मी दिसत नाही," असे ती हसत म्हणायची. मी चालकाचे दार उघडले. सीटखाली हात घातला. दांडी वर ओढली आणि सीट पुढे ढकलली.

कट... कट... कट... कट... कट...

पाच खाचा. एक खाच म्हणजे एक इंच. मी डोळ्यांनीच अंदाज बांधला होता आणि तो बरोबर होता. तसा तो नेहमीच असे.

मग आरसा. तो मी खाली वळवला, वहिनीच्या डोळ्यांच्या उंचीला. नीट बसला की नाही ते पाहण्यासाठी मी मान तेवढी खाली आणली.

आरशात मागचा रस्ता दिसला. कडेला निजलेली वहिनी दिसली.

तिचे डोळे उघडे होते.

मी वळून पाहिले. डोळे मिटलेले होते. दादाने ते स्वतः मिटले होते, माझ्यादेखत.

पुन्हा आरशात पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. दार लावले. थोड्याच वेळात पोलीस आले.

नात्यामुळे ती तपासणी मला करता येत नव्हती. ती माझ्या एका सहकाऱ्याकडे गेली. त्याला मोजमाप मीच शिकवले होते. त्याने अंतर तीन वेळा मोजले, कारण तीन वेळा मोजावे असे मीच सांगितले होते. त्याच्या अहवालात सरळ लिहिले होते: चालकाची सीट व आरसा मृत महिलेच्या उंचीशी जुळतात.

प्रकरण मिटले.

नवव्या दिवशी मी कचेरीला जायला निघालो. माझ्या गाडीत बसलो आणि दोन्ही गुडघे स्टेअरिंगवर आपटले.

सीट पुढे होती.

मी बायकोला हाक मारली. "गाडी तू घेतली होतीस का?"

"मी? तुमच्या गाडीला हात लावून तासभर व्याख्यान कोण ऐकून घेईल?" ती आतूनच म्हणाली. "त्यापेक्षा चालत गेलेलं बरं."

मी फीत काढली. ब्रेकच्या पेडलपासून सीटच्या पाठीपर्यंत मोजले.

बरोबर पाच खाचा.

आरशात मला मागचा रस्ता दिसला नाही. मागच्या सीटची गादी तेवढी दिसली. आरसा कुणा बुटक्या माणसासाठी लावलेला होता.

मी सीट मागे घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

दांडीचा दात झिजला असेल. उतारावर गाडी लावल्याने सीट घसरत असेल. मी दात तपासला. नवा होता. गाडी सपाट जागी लावली. सीट घसरते तेव्हा कुठेही थांबते. ही प्रत्येक वेळी पाचव्या खाचेवर थांबत होती.

मग कचेरीची गाडी. मग तपासणीसाठी आलेल्या, परक्या, चक्काचूर झालेल्या गाड्या. मी दार उघडावे आणि सीट पुढे असावी.

मी ज्या गॅरेजात तपासण्या करी, तिथला मिस्त्री एके दिवशी पान्यावर पाना वाजवत म्हणाला, "साहेब, रागावू नका. पण तुम्ही आलात की गाड्या अंग चोरतात."

मी त्याला सीटचा प्रकार सांगितला. कारण सांगितले नाही.

"भूत आहे की स्प्रिंग आहे, एकदा ठरवा," तो म्हणाला. "स्प्रिंग असेल तर माझं काम. भूत असेल तर समोरच्या गॅरेजात न्या, त्याला गिऱ्हाईक कमी आहे."

आम्ही स्प्रिंगच आहे असे धरले. मिस्त्रीने माझ्या गाडीची सीट मागच्या खाचेवर घेतली. दांडी तारेने बांधली. तारेच्या गाठीवर मी कचेरीचे शिशाचे सील मारले. चारही दारांना कुलूप. चावी माझ्या खिशात.

दुपारचे दोन वाजले होते. कामगार जेवायला गेले होते. मी आणि मिस्त्री गाडीपासून चार पावलांवर दोन डब्यांवर बसलो. समोरच्या भिंतीवरून ऊन गाडीच्या टपावर पडले होते. पंखा बंद होता. बाहेर कुणीतरी नळ सोडला होता, तोही बंद झाला.

मिस्त्री काहीतरी बोलत होता. तो मध्येच थांबला.

कट...

आम्ही एकमेकांकडे पाहिले.

कट...

कट...

काचेतून सीटची पाठ दिसत होती. ती पुढे जात होती. घसरत नव्हती. थांबून, अंदाज घेत, पुन्हा थोडी. पायाला पेडल लागते का ते पाहत माणूस सीट सरकवतो, तशी.

कट...

कट...

मग आरसा हलला. थोडा खाली. किंचित डावीकडे.

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला नाही. त्याने तो अगदी हळू जमिनीवर ठेवला.

आम्ही दार उघडले. सील अभंग होते. तार बांधलेली होती. दांडी जागची हललेली नव्हती.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "ही गाडी आता इथून न्या. आणि विनोद केला त्याबद्दल माफ करा. तुम्ही नका करू. जे कुणी आत आहेत त्यांनी करावं."

एव्हाना दादाच्या घरी वेगळेच काही चालले होते.

माझ्या पुतणीला आम्ही टिटवी म्हणतो. ती फार बोलते म्हणून वहिनीनेच हे नाव ठेवले होते. अपघातानंतर ती कमी बोलू लागली. आई गेल्यावर पोर गप्प होणारच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

खरे कारण वेगळे होते. पहारेकऱ्याची म्हातारी बायको एकदा दादाच्या दारात येऊन उभी राहिली होती. दार टिटवीने उघडले.

"तुझ्या आईनं माझा माणूस मारला," एवढेच म्हातारी म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून टिटवी शाळा सुटली की म्हातारीच्या घरी जाऊ लागली. म्हातारीने दोनदा तिला हाकलले. तिसऱ्यांदा हाकलले नाही. टिटवी तिला सुईत दोरा ओवून द्यायची. वर्तमानपत्र वाचून दाखवायची. पाणी भरायची. आणि रोज निघताना माफी मागायची. दादाला त्या दिवसांत चारची फेरी असे, म्हणून तिला तिथून आणायचे काम माझ्याकडे आले.

एके दिवशी दादाच्या भिंतीवर मला एक चौकोन दिसला. आजूबाजूच्या रंगाहून उजळ, रिकामा.

"टिटवे, आईचा फोटो कुठे गेला?"

"काढला."

"का गं?"

"त्या आजींच्या घरी आजोबांचा फोटो लावलाय. मग आपल्याकडे आईचा कसा लावायचा?"

माझ्या बिनतोड तर्काचा हा निष्कर्ष होता. बारा वर्षांच्या मुलीने तो बरोबर काढला होता.

त्या संध्याकाळी मी दादाला गाठले.

"सांगून टाकू."

"आता? सहा महिन्यांनी?"

"पोर वाळत चालली आहे, दादा. ती आपल्या आईला खुनी समजते."

"तूच म्हणालास ना, मेलेल्याला शिक्षा नसते?"

"चुकलो."

दादा हसला. त्या हसण्यात आनंद नव्हता. "तू? चुकलास? हे मला सही करून लिहून दे. फ्रेम करून लावतो. भिंतीवर जागा झालीच आहे."

मी विचारले, "तुझ्या बसची सीट... आपोआप हलते का?"

"सीट? नाही. का?"

"काही नाही."

त्याला काहीच होत नव्हते. तो फक्त झोपेत सापडला होता. हात सीटखाली मी घातला होता.

"मला थोडा वेळ दे," दादा म्हणाला. मी दिला. तीन आठवडे दिले. टिटवी रोज माफी मागत राहिली.

चौथ्या आठवड्यात, एका दुपारी, मी तिला घेऊन परतत होतो. ती शेजारी बसली होती, दप्तर मांडीवर घेऊन. म्हातारीच्या घराहून येताना खाणीचे वळण लागते. दुसरा रस्ता नाही.

तोवर मी पाच खाचांना सरावलो होतो. सीट मागे घेणे सोडून दिले होते. गुडघे फाकवून, पाठ वाकवून गाडी चालवत होतो.

वळण पन्नास पावलांवर असताना...

कट...

सहावी.

मी दांडी ओढली. सीट मागे जाईना.

कट...

"काका, असे काय बसलात?" टिटवीने विचारले.

कट...

माझी छाती स्टेअरिंगला टेकली. दोन्ही हात मध्ये अडकले. उजवा गुडघा वर असा दाबला गेला की पाऊल ब्रेकवर नेता येईना. समोरून दगडांनी भरलेला ट्रक वळणावर येत होता. त्याचा भोंगा ऐकू आला. मला ओरडायचे होते, पण छातीत हवा नव्हती.

स्टेअरिंग फिरले.

ते मी फिरवले नाही. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. माझी बोटेसुद्धा हलू शकत नव्हती.

गाडी हळूहळू कडेला गेली. वेग उतरला. आणि थांबण्याआधी इंडिकेटर लागला. मागे कुणी नव्हते, दाखवायचे कुणाला नव्हते, तरी लागला. नवी शिकलेली माणसे लावतात तसा. वहिनी तसाच लावायची.

ट्रक गेला. धूळ काचेवर बसली.

टिक... टिक... टिक... इंडिकेटर वाजत राहिला.

"टिटवे," मी म्हणालो. "त्या दिवशी आई गाडी चालवत नव्हती. बाबा चालवत होते. आई शेजारी होती, तू आत्ता बसलीस तिथे. सीट मी सरकवली. आईचं नाव मी सांगितलं."



"मग मी त्या आजींची माफी कशासाठी मागत होते?" तिने विचारले.



तिने दार उघडले, दप्तर पाठीला लावले आणि घरच्या दिशेने चालू लागली. मला तिच्यामागे जायचे होते. मला उतरताच येईना. सीटने मला तसेच धरून ठेवले होते. टिटवी दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे सीट तीन खाचा मागे आली.

तीनच. पाचावर थांबली.

त्याच दिवशी मी पोलीस ठाण्यात जाऊन खरा जबाब दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा स्वतः हजर झाला. मला पाहून तो म्हणाला, "बरं केलंस. आज पहाटे तासभर झोप लागली." त्याला शिक्षा झाली. माझ्यावरही खटला चालला आणि व्यवसायाचा परवाना गेला. माझी याविषयी तक्रार नाही.

ज्या सहकाऱ्याने तपासणी केली होती, तो त्या काळात एकदा घरी आला. चहा घेतला नाही. टोपी हातात फिरवत बसला.

"एक गोष्ट मी अहवालात लिहिली नव्हती," तो म्हणाला.

"कुठली?"

"मी सीट मोजली तेव्हा अपघाताला तीन तास होऊन गेले होते. गाडी सावलीत होती. पण सीट... गरम होती, साहेब. आत्ता कुणी उठून गेल्यासारखी."

"लिहिलं का नाही?"

"आपल्या अर्जात तो रकाना नाही."

मी त्याला दोष दिला नाही. तो रकाना मीही ठेवला नसता.

सत्य सांगितले की असले प्रकार थांबतात, असे मला वाटत होते. तुम्हालाही वाटत असेल. कागद दुरुस्त झाला. पोलिसांच्या दप्तरात आता वहिनी निर्दोष आहे. म्हातारीलाही मी सगळे लिहून कळवले. तिच्यासमोर बसून सांगण्याचे धैर्य झाले नाही.

सीट मात्र अजून रोज सकाळी पाचव्या खाचेवर असते.

टिटवी आता आमच्याकडे राहते. बायकोशी बोलते. माझ्याशी बोलत नव्हती. वर्षभर एक शब्द नाही. म्हातारीकडे ती अजून जाते. माफी मागायला नव्हे, सवयीने म्हणा किंवा मायेने. मी अजून तिला आणायला जातो. ती मागच्या सीटवर बसते आणि खिडकीतून बाहेर पाहते. मी म्हातारीच्या घरासमोर गाडीतून उतरून फाटकाशी उभा राहतो. आत कधी गेलो नाही.

आता ती ऐकीव गोष्ट.

परवा दुपारी टिटवीला निघायला उशीर झाला. म्हातारी स्वतः फाटकापर्यंत आली. तिच्या हातात वहिनीचा फोटो होता. टिटवीने तो तिला दाखवायला नेला होता.

"ही तुमची भावजय का हो?" म्हातारीने विचारले.

"वहिनी. हो."

"मग हिला रोज बाहेर का उभं ठेवता?"

मला प्रश्न कळला नाही.

"रोज येते की तुमच्याबरोबर," म्हातारी म्हणाली. "पहिल्यापासून. मला वाटलं तुमची बायको असेल. बुटकीशी. मी इथून ओट्यावरून बघते ना. तुम्ही ज्या दारातून उतरता त्याच दारातून उतरते. तुमच्या आधी."

"आजी, त्या दारातून फक्त मी उतरतो. मी चालवतो गाडी."

म्हातारीने माझ्याकडे जराशा कीवेने पाहिले.

"तुम्ही?" ती म्हणाली. "चालवताना तर तीच असते. तुम्ही तिच्या मागे अवघडून बसलेले असता."

म्हातारीची नजर अधू आहे. वय सत्त्याहत्तर आहे. ओट्यापासून गाडी तीस पावलांवर असते. हे सर्व मी त्याच वेळी मनात मांडले. मांडून झाल्यावर त्याचा काही उपयोग झाला नाही.

काल रात्रीच्या जेवणाला टिटवी माझ्यासमोर बसली. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. वर्षानंतर पहिल्यांदा.

"काका," ती म्हणाली.

बायकोचा हात तसाच थांबला.

"आईला पुढे नीट बसता येत नाही. तुमची अडचण होते. उद्यापासून तुम्ही मागे बसत जा."

एवढे बोलून ती जेवू लागली. पोटभर जेवली. कित्येक महिन्यांनी.

मी तिला अजून उत्तर दिलेले नाही. नाही म्हणावे, तर एका वर्षाने बोललेल्या पोरीला काय कारण द्यावे? हो म्हणावे, तर मी मागे बसल्यावर...

तो विचार मी पुरा केलेला नाही.

आत्ता दुपारचे साडेतीन वाजले आहेत. टिटवीला आणायला निघायची वेळ झाली आहे. बायको बाहेर गेली आहे. घरात मी एकटा आहे आणि चावी माझ्यासमोर टेबलावर आहे.

आत्ताच खाली आवारात गाडीचे पुढचे दार उघडून मिटल्याचा आवाज आला.

मग पाच वेळा... कट.

मग मागचे दार उघडल्याचा आवाज आला.

मिटल्याचा अजून आलेला नाही.